नवे साधन आणि धम्माची कसोटी

(वर्षावासानिमित्त बुद्धविहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ठरविण्यापूर्वी मी विहारातील काही वडीलधाऱ्या मंडळींना विचारले, की तुमच्या घरातील सर्वांत मोठी चिंता कोणती? मला वाटले होते, कोणी नोकरीचे नाव घेईल, कोणी महागाईचे घेईल. परंतु बहुतेकांनी एकच उत्तर दिले : 'पोरे दिवसभर मोबाईलमध्ये डोके घालून बसतात. विहारात येत नाहीत, आमच्याशी बोलत नाहीत.' नंतर मी हाच प्रश्न तरुणांना केला. ते म्हणाले, 'आम्ही त्यावर काय वाचतो, काय लिहितो, हे घरात कोणी विचारीतच नाही. ठेव तो डबा बाजूला, एवढेच ऐकू येते.' एकाच घरातील दोन पिढ्यांनी एकाच वस्तूविषयी केलेल्या या दोन तक्रारी आहेत. त्या दोन्ही खऱ्या असल्यामुळेच या विषयावर विहारात बोलणे मला अवश्य वाटले.

हे साधन चांगले की वाईट, या वादात मी शिरणार नाही. चाकूने भाजी चिरता येते आणि गळाही कापता येतो. प्रश्न असा आहे, की ज्या समाजाला शतकानुशतके लेखणी धरू दिली नाही, त्याच्या मुलामुलींच्या हाती आज हे साधन आले असता तो त्याचे काय करणार? आपल्यापैकी काहींच्या घरी आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली, तर काहींनी गेल्या एकदोन वर्षांतच त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले. दीक्षा केव्हा घेतली याला महत्त्व नाही. घेतलेली दीक्षा या नव्या काळात कशी पाळावयाची, हा प्रश्न सर्वांपुढे सारखाच आहे.

प्रथम थोडे मागे वळून पाहू. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाला, तेव्हा त्याची साधी जाहिरात छापण्यासही 'केसरी'ने, पैसे देऊ केले असताही, नकार दिला हा इतिहास सर्वश्रुत आहे. राजर्षी शाहू महाराजांनी त्या पत्रास द्रव्यसाहाय्य केले, तथापि १९२३ साली ते बंद पडले. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना स्वतः लिहून भरावे लागत. पैशाच्या ओढाताणीत तेही दोन-अडीच वर्षांत थांबले. पुढे १९३० साली 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' आले. विलायतेत शिकलेला, बॅरिस्टर झालेला पुरुष एकामागून एक पत्रे काढतो, ती बंद पडतात, तरी पुन्हा काढतो. हा अट्टाहास कशासाठी? आपले दुःख दुसऱ्याच्या छापखान्यात छापले जात नाही आणि छापले गेलेच तर ते आपल्या शब्दांत छापले जात नाही, हे त्यांनी ओळखले होते, म्हणून.

त्या काळी पत्र चालवावयाचे म्हणजे छापखाना हवा, कागद हवा, टपालखर्च हवा आणि वर्गणीदारही हवेत. शिवाय ज्यांच्यासाठी ते काढावयाचे त्यांतील फार थोड्यांना वाचता येई. एक जण वाचून दाखवी आणि वस्ती ऐके. जेथे अक्षर पोहोचत नसे तेथे आंबेडकरी जलसे पोहोचत. डफाच्या थापेवर धर्मांतराचा विचार खेड्यापाड्यांत गेला तो असा. आज दहावीतील मुलीजवळ मोबाईल असेल, तर छापखाना, टपाल आणि जलशाचा फड ही तिन्ही साधने तिच्या मुठीत आली आहेत. संपादकाची मर्जी तिला राखावी लागत नाही. एवढा बदल आपल्या इतिहासात पूर्वी कधीही झाला नव्हता.

हा बदल केवळ कल्पनेतला नाही. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेतील ऊना येथे काय घडले ते आठवा. मोटा समढियाळा गावचे तरुण मेलेल्या गाईचे कातडे सोलीत होते. गोरक्षक म्हणविणाऱ्यांनी त्यांना पकडले, उघडे करून गाडीला बांधले आणि सर्वांदेखत लोखंडी गजांनी व काठ्यांनी झोडपले. त्या मारहाणीचे चित्रण मारणाऱ्यांनीच आपला पराक्रम जगाला दाखविण्यासाठी पसरविले. त्यांचा हिशेब असा, की हे पाहून दलितांना जरब बसेल. झाले ते उलटेच. ते चित्रण हजारो तरुणांनी पाहिले आणि त्यांचे रक्त पेटले. सुरेंद्रनगरात लोकांनी मेलेली जनावरे सरकारी कचेरीपुढे आणून टाकली आणि 'यापुढे ही घाण आम्ही उचलणार नाही' असे बजावले. अहमदाबादहून ऊनापर्यंत पदयात्रा निघाली आणि १५ ऑगस्ट २०१६ रोजी ती तेथे पोहोचली. पुढे एप्रिल २०१८ मध्ये त्या पीडित कुटुंबाने शेकडो बांधवांसह आपल्याच गावी बौद्ध धम्माचा स्वीकार केला. दहशतीसाठी काढलेल्या चित्रणातून जागृती झाली आणि त्या जागृतीचा शेवट धम्मदीक्षेत झाला.

दुसरे उदाहरण बुंदेलखंडातील आहे. २००२ साली चित्रकूट येथे 'खबर लहरिया' नावाचे पत्र ग्रामीण स्त्रियांनी सुरू केले. त्यांत दलित स्त्रियांचा मोठा भाग होता. आरंभी ते कागदावर छापले जाई. पुढे याच स्त्रियांनी हाती मोबाईल घेतला आणि रस्ता, पाणी, खाणी, बलात्काराच्या फिर्यादी यांची वार्ता चित्रणासह देऊ लागल्या. ज्या ठाण्यात पूर्वी त्यांना उभे केले जात नसे, तेथील अधिकाऱ्याला त्या आता समोर बसून प्रश्न विचारतात.

आणि ज्ञानाचे म्हणाल, तर बाबासाहेबांचे समग्र लेखन व भाषणे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडशः प्रसिद्ध केली. त्यातील एकेक खंड मिळविण्यासाठी आपल्या आधीच्या पिढीने ग्रंथालयांच्या पायऱ्या झिजविल्या. आज ते खंड इंटरनेटवर फुकट वाचावयास मिळतात. संपूर्ण पाली तिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने नागरी लिपीसह अनेक लिप्यांत उपलब्ध करून दिले आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या कानांना धर्मग्रंथ ऐकण्याची बंदी होती, त्यांच्या मुलांपुढे बुद्धवचनाचे भांडार उघडे पडले आहे. आता न वाचण्यास सबब उरलेली नाही.

बंधुभगिनींनो, येथवर ऐकून तरुण मंडळी खूष झाली असतील. आता मी दुसरी बाजू मांडणार आहे.

पहिली गोष्ट ही, की हे साधन सर्वांच्या हाती सारखे आलेले नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत, ग्रामीण भागातील शंभर कुटुंबांपैकी सुमारे १५ कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय आढळली. शहरांत हे प्रमाण ४२ होते. संगणक तर खेड्यांत शंभरांत साडेचार घरीही नव्हता. अशा स्थितीत मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. ज्या घरी एकच मोबाईल होता आणि तो वडील कामावर नेत, त्या घरच्या मुलांचे वर्ष कसे गेले असेल ते मी सांगावयास नको. आता खेड्यापाड्यांत मोबाईल पुष्कळ पसरला आहे. परंतु शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाचा प्रवेश, जातीचा दाखला ही सारी कामे संकेतस्थळांवर गेल्यामुळे, ज्याला ते जमत नाही त्याचा हक्क कागदावर राहतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरला गेला नाही, तर तेवढ्या चुकीने एका मुलाचे शिक्षण तुटू शकते. पूर्वी शाळेच्या दारात अडविणारा माणूस दिसत तरी असे. आता अडविणारी तारीख असते आणि ती निमूटपणे निघून जाते.

दुसरी गोष्ट आपल्या लेकींची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या अहवालाप्रमाणे देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभर पुरुषांपैकी ५७ जणांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांत हे प्रमाण केवळ ३३ होते. ही दरी आपल्या घरांत नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? मागील वर्षी मी एका उपासकाच्या घरी गेलो होतो. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, घर स्वच्छ, माणसे सुशील. थोरला मुलगा मोबाईलवर खेळ खेळत बसला होता. बारावीतील मुलगी आईला म्हणत होती, की परीक्षेचा अर्ज भरावयाचा आहे, अर्धा तास मोबाईल द्या. वडील म्हणाले, 'पोरीच्या हाती मोबाईल दिला की घराण्याचे नाव जाते.' मी त्यांना विचारले, 'दादा, ही भाषा कोणाची? मुलगी शिकली तर धर्म बुडेल असे म्हणणाऱ्यांनी १८४८ साली सावित्रीबाईंवर शेण फेकले. ती भाषा आपण कोठून उचलली?' ते गप्प राहिले. निघताना पाहिले तर मोबाईल मुलीच्या हातात होता. त्यांनी तो मनापासून दिला की पाहुण्याच्या संकोचाने, हे मी सांगू शकत नाही. परंतु घरोघरी हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

या बाबतीत कायदाही मुलींच्या बाजूने बोलला आहे. केरळातील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींनी सायंकाळी ठराविक तास मोबाईल जमा करावा असा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो मानण्यास नकार दिला, तेव्हा तिला काढून टाकण्यात आले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला आणि इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असे सांगितले. मुलीला सावध करा, धोके समजावून सांगा. परंतु जो धोका मुलालाही आहे, त्याचे निमित्त करून एकटीच्या हातचे साधन काढून घेणे हा न्याय नव्हे.

तिसरी गोष्ट अपमानाची. जातीचे विष जुन्या गावकुसातून निघून या नव्या चावडीवर आले आहे. बाबासाहेबांच्या जयंतीच्या सुमारास समाजमाध्यमांवर काय लिहिले जाते ते आमची मुले रोज वाचतात आणि आतल्या आत जळतात. त्यांनी काय करावे? माझे पहिले सांगणे असे, की कायदा जाणून घ्या. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा दुरुस्त होऊन २६ जानेवारी २०१६ पासून अधिक व्यापक झाला. सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातिवाचक शिवीगाळ करणे किंवा हेतुपुरस्सर पाणउतारा करणे हा गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमातींना पूज्य असलेल्या दिवंगत पुरुषाचा लेखाने, वाणीने वा अन्य मार्गाने अनादर करणे हाही गुन्हा आहे. इंटरनेटवर टाकलेले चित्रण कोणीही केव्हाही पाहू शकतो, म्हणून तेही सार्वजनिक दृष्टीच्या कक्षेत येते, असे केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये म्हटले आहे. यास्तव असा मजकूर दिसताच प्रथम त्याची प्रत, तारीख, वेळ आणि दुवा जपून ठेवा. मग जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन लेखी फिर्याद द्या. प्रत्येक भांडण या कायद्यात बसत नाही, हेही ध्यानात असू द्या. खोटी वा उथळ फिर्याद खऱ्या पीडिताच्या मुळावर येते.

माझे दुसरे सांगणे असे, की शिवीला शिवीने उत्तर देऊ नका. कोणी म्हणेल, हा भित्रेपणा झाला. मी म्हणतो, ही दीक्षेची अट आहे. भगवंतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक वाणीस स्थान दिले. बोलणे वेळेवर असावे, खरे असावे, मृदू असावे, हिताचे असावे आणि मैत्रीच्या चित्ताने केलेले असावे, अशी पाच लक्षणे त्यांनी सांगितली. बोटाने लिहिलेली वाणी ही वाणीच होय. शिवी देणाऱ्याला पुराव्याने, आकड्याने, इतिहासाने निरुत्तर करणारा एक तरुण मला शंभर शिव्या देणाऱ्यांहून मोलाचा वाटतो. शिवीगाळ विसरली जाते. पुरावा मात्र वाचणाऱ्याच्या मनात टिकून राहतो.

आता जी गोष्ट बोलावयाची आहे ती कडू आहे आणि ती आपल्याच घरातील आहे. मोबाईलवर आपल्या बौद्ध समाजाचे वधूवर गट निघाले आहेत. हेतू चांगला आहे. खर्च वाचतो, दूरची स्थळे कळतात. परंतु त्यातील परिचयपत्रे पाहा. धर्म : बौद्ध, आणि त्याखाली पोटजातीची अपेक्षा. कोणी अमुक जिल्ह्याचेच हवे म्हणतो, कोणी जुन्या पोटजातीचे नाव लिहितो, आणि मातंग वा चर्मकार समाजातून नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबाचे स्थळ आले की गट गप्प बसतो. मी तुम्हांला विचारतो, बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान आहेत असे आपण मानले ना? समता स्थापण्याचा प्रयत्न करीन असे आपण म्हटले ना? मग त्या यंत्रात जातीची चाळणी कोणी लावली? यंत्राने ती आपणहून लावलेली नाही. जी चाळणी आपल्या मनात होती तीच त्यात उतरली. जे कुटुंब जातीला लाथ मारून कालपरवा धम्मात आले, त्याला येथेही दार बंद दिसले, तर ते कोठे जाईल? तरुणांनो, या बाबतीत तुम्ही वडिलांचे ऐकू नका, बाबासाहेबांचे ऐका. आपल्या परिचयपत्रातून पोटजातीची ओळ काढून टाका. एवढे केलेत तरी भाषणांची एक मालिका वाचेल.

तसेच दुसरे. विहारात त्रिशरण म्हणावयाचे आणि घरी आल्यावर 'हा संदेश अकरा जणांना पाठवा, तीन दिवसांत लाभ होईल' असला मजकूर पुढे ढकलावयाचा, हे बौद्धाला शोभत नाही. कोणी बुद्धाला विष्णूचा अवतार ठरविणारे चित्र पाठवितो, आणि ते सुंदर दिसते म्हणून आपल्याच भगिनी ते पुढे पाठवितात. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, अशी प्रतिज्ञा आपण घेतली आहे याचे विस्मरण होते. कोणी बाबासाहेबांच्या नावावर त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्ये खपवितो, आणि ती आपल्याला रुचतात म्हणून आपण ती तपासीत नाही. केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते, की निरनिराळे आचार्य येऊन निरनिराळे सांगतात, आम्ही खरे कोणाचे मानावे? तेव्हा भगवंतांनी त्यांना सांगितले, की ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका. स्वतः तपासा. जे अहिताचे दिसेल ते टाका, हिताचे दिसेल ते आचरा. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या मोबाईलवाल्यालाच केला असावा, इतका तो लागू पडतो. पुढे पाठविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : हे कोणी म्हटले? कोठे म्हटले? आणि मी ते पाहिले आहे काय? उत्तर मिळाले नाही तर बोट आवरा.

पालकांची जी चिंता मी आरंभी सांगितली तिच्याकडे आता येतो. 'असर' या संस्थेच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत, १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी शंभरांत ८२ जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे अभ्यास मुळीच होत नाही हे खरे नाही, परंतु करमणूक पुढे आहे हे खरे. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाच्या संपत्तिनाशाची सहा दारे सांगितली आहेत : मद्य, अवेळी भटकणे, तमाशांचा नाद, जुगार, कुसंगती आणि आळस. पूर्वी यातील प्रत्येकासाठी घराबाहेर पडावे लागे. आता मद्य सोडून बाकीची पाच दारे अंथरुणात पडल्या पडल्या उघडतात. पैशांच्या ऑनलाईन खेळांनी इतकी घरे बुडविली, की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्यांवर बंदीचा कायदा करावा लागला. तरी चोरवाटा राहतातच. मिनिटात कर्ज देणारी ॲप्स पुढे बदनामीची धमकी देऊन दामदुप्पट उकळतात. पोलीस वा न्यायाधीश असल्याची बतावणी करून 'तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे' असे सांगणारे लुटारू निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी नेतात. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. फसवणूक झाल्यास लाजू नका, तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर होईल तितका पैसा हातचा जातो.

त्याच सिगालोवाद सुत्तात मातापित्यांची आणि मुलांची कर्तव्ये जोडीने सांगितली आहेत. मातापित्यांनी मुलांना वाईटापासून परावृत्त करावे, चांगल्याकडे वळवावे, विद्या-कला शिकवावी. मुलांनी मातापित्यांचा सांभाळ करावा, त्यांची कामे पार पाडावीत, वारशास पात्र व्हावे. येथे एकतर्फी हुकूम नाही. म्हणून मी वडिलांना म्हणतो, मोबाईल हिसकावून घेण्याऐवजी त्याच्याशेजारी बसा आणि मुलगा काय पाहतो ते त्याच्याकडून समजावून घ्या. आणि मुलांना म्हणतो, आईला तिच्या बचत खात्याचा संदेश वाचता येत नसेल आणि तू दिवसभर अनोळखी लोकांना मार्गदर्शन करीत असशील, तर तुझ्या ज्ञानाची सुरुवात चुकीच्या टोकाने झाली आहे.

एक कार्य मात्र असे आहे, की जे या तरुण पिढीवाचून होणार नाही. ते जनगणनेचे. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची नोंद अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर, १९६१ च्या जनगणनेत ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. दहा वर्षांत घडलेली ही क्रांती सरकारी कागदावर उमटली, कारण निरक्षर माणसांनी गणकाला ठासून सांगितले, 'आमचा धर्म बौद्ध लिहा.' २०११ साली देशात ८४ लाख ४३ हजार आणि महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरविण्यात आला असून, ती देशाची पहिली डिजिटल जनगणना म्हणून योजली आहे. गणकाच्या हाती कागदाऐवजी मोबाईल, ज्याला हवे त्याला स्वतःच माहिती भरण्याची मुभा, आणि सर्वांच्या जातीची नोंद, अशी तिची योजना आहे.

या प्रसंगी आपल्या लोकांत एक भीती पसरविली जाते, की धर्म 'बौद्ध' लिहिला तर सवलती जातील. ही भीती निराधार आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचे हक्क प्रथम हिंदूंपुरतेच होते. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. महाराष्ट्राने तर १ मे १९६० पासूनच नवबौद्धांस राज्यातील सवलती लागू केल्या होत्या. सबब धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिल्याने अनुसूचित जातीचा हक्क बुडत नाही. ज्यांनी उन्हातान्हात चालत जाऊन दीक्षा घेतली त्यांचा धर्म, नातवाच्या आळसाने किंवा गणकाच्या घाईने पडद्यावर चुकीचा उमटता कामा नये. घरातील शिकलेल्या मुलाने वा मुलीने वडीलधाऱ्यांशेजारी बसावे आणि काय नोंदले गेले ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. शेजारच्या निरक्षर घरीही जावे.

दुसरे कार्य याहून नाजूक आहे. १९५६ साली जे मूल दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या आसपास आहे. नागपूरच्या त्या मैदानावर बाबांना ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, घरातील देव ज्यांनी आपल्या हातांनी विसर्जित केले, मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारल्यावर गावाने घातलेला बहिष्कार ज्यांनी सोसला, अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्यांची कथा कोणत्याही दप्तरात नाही. तरुणांनो, तुमच्या हाती चित्रणाचे साधन आहे. आजीसमोर ते धरा आणि विचारा : 'आजी, दीक्षेच्या दिवशी काय झाले? परत आल्यावर गाव काय म्हणाले?' तिचे नाव, गाव, तारीख लिहून ठेवा आणि एक प्रत विहारात जमा करा. आपला इतिहास इतरांनी लिहिला नाही याची तक्रार आपण पुष्कळ केली. आता तो नोंदण्याचे साधन हाती असून नोंदला नाही, तर दोष कोणाला देणार?

शेवटी तरुणांसाठी एकच सावधगिरीचा शब्द. पडद्यावर अंगठा दाबून पसंती देणे म्हणजे चळवळ करणे, अशी समजूत करून घेऊ नका. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे पायांनी चालत गेली, ओंजळीने पाणी प्याली आणि परतताना डोकी फुटेपर्यंत मार खाल्ला. नवे साधन माणसांना एकत्र बोलावू शकते. परंतु एकत्र जमावे, उभे राहावे आणि टिकून राहावे ते माणसांनीच. दहा हजार अनुयायी मोबाईलवर आहेत आणि विहाराच्या अभ्यासवर्गाला सातजण येतात, यात कोठे तरी चुकते आहे.

म्हणून या वर्षावासात आपण पाच गोष्टी ठरवू. विहारात आठवड्यातून दोन सायंकाळी अर्ज व शिष्यवृत्तीचे साहाय्य केंद्र चालावे आणि ते तरुणांनी चालवावे. घरातील मोबाईलवर मुलीचा हक्क मुलाइतकाच असावा. वधूवर गटांतून पोटजातीची ओळ जावी. तपासल्यावाचून कोणताही संदेश पुढे जाऊ नये. आणि वर्षावास संपण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एका वृद्धाची कहाणी नोंदवून विहारात द्यावी. यातील एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. निश्चय तेवढा लागतो, आणि निश्चयाची वाण आपल्या समाजात कधी नव्हती.

मागच्या रांगेतील मित्रांनो, पुढील पौर्णिमेला तुम्ही पुढच्या रांगेत बसा. मोबाईल बरोबर आणा. त्याचे काम आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!